शाफ्टवाली जुनी गाडी घेताना

‘चेन नाही, म्हणजे मेंटेनन्स नाही,’ असं विकणारा हमखास म्हणतो. चेनऐवजी शाफ्टने, म्हणजे फिरत्या दांड्याने मागचं चाक फिरवणारी बीएमडब्ल्यू आर १२५० आर ही मोटरसायकल बघायला गेलात, तर पहिलं काम हे वाक्य विसरणं.

गाडी थंडच हवी. आधीच तापवून ठेवली असेल तर चहा पिऊन या. आता मागचं चाक. मेन स्टँड असेल तर उत्तम, नसेल तर पॅडॉक स्टँड (मागचं चाक उचलून धरणारा सुटा स्टँड) मागा. चाक वर-खाली धरून हलवा. टकटक हाताला जाणवली, तर बेअरिंग बघायला हवं. मग स्विंगआर्मवरचा, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरचा, रबरी बूट (शाफ्टच्या सांध्यावरचं आवरण) बोटांनी दाबून पाहा. माझ्या आधीच्या गाडीचा फाटलेला होता. बाहेरून ठणठणीत, आत पाणी आणि गंज. फायनल ड्राइव्हचं (मागच्या चाकाजवळच्या गिअरच्या डब्याचं) ऑइल शेवटचं कधी बदललं, ते बिलावर बघा. तोंडी उत्तर चालणार नाही.

सिलिंडर दोन्ही बाजूंना बाहेर आलेले. गाडी पडली असेल तर व्हॉल्व्ह कव्हर (सिलिंडरच्या टोकाचं झाकण) सांगतंच; खाली वाकून टॉर्च मारा.

राइडमध्ये तिसऱ्या गिअरवर थ्रॉटल सोडा, परत द्या. जोडणी गुळगुळीत हवी, खट्ट आवाज नको. १३६ अश्वशक्तीचं कौतुक नंतर. २३९ किलो वजन आधी पार्किंगमधून, चढावर, हाताने ढकलून बघा. माझी तर तिथेच दमछाक झाली होती.