दोन हजारांच्या आत डोक्याला नीट बसणारं हेल्मेट कसं घ्यावं

हेल्मेटच्या दुकानात बहुतेक गिऱ्हाइकांचा पहिला प्रश्न असतो, "केवढ्याला?" आणि दुसरा, "मॅट ब्लॅकमध्ये आहे का?" साइजचा विषय शेवटी निघतो, आणि तीही दुकानदारच डोक्याकडे एक नजर टाकून ठरवतो. "साहेब, तुम्हाला एल बसेल." घालून बघितलं, डोकं आत गेलं, पैसे दिले, झालं. डोकं सहज आत गेलं म्हणजे हेल्मेट सैल असण्याचीच शक्यता जास्त, हे तेव्हा कोणी सांगत नाही.

हेल्मेटचं काम चालतं ते आतल्या थर्माकोलवर. बाहेरचं कवच धक्का पसरवतं, आतलं इंचभर जाड, घट्ट थर्माकोल चिरडत जातं आणि तेवढ्या वेळात डोक्याचा वेग कमी होतो. हेल्मेट सैल असेल तर डोकं आधी आतल्या आत आदळतं. कधी तर पट्टा बांधलेला असूनही हेल्मेट पुढून किंवा मागून निसटतं. त्यामुळे चार हजारांच्या सैल हेल्मेटपेक्षा बाराशेचं घट्ट बसणारं हेल्मेट बरं, असं माझं सरळ मत आहे. आणि फिटिंगला जास्तीचे पैसे पडत नाहीत, फक्त दुकानात अर्धा तास द्यावा लागतो.

पायरी १: घरीच माप घ्या

शिंप्याची टेप घ्या. भुवयांच्या वर साधारण बोटभर अंतरावरून, कानांच्या वरून, मागे डोक्याचा जो सगळ्यात बाहेर आलेला भाग असतो तिथून टेप फिरवा. दोन-तीनदा मोजा आणि सगळ्यात मोठं येईल ते माप धरा. टेप नसेल तर सुतळी गुंडाळून ती फूटपट्टीवर मोजली तरी चालतं.

हे माप मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. ५८ सेंटिमीटर म्हणजे ५८०. एम, एल, एक्सएल या अक्षरांवर विसंबू नका, कारण ती कंपनीगणिक बदलतात. एका कंपनीचा एल ५८० चा असतो, तर दुसरीचा ६०० चा. हेल्मेटच्या आत किंवा मागे चिकटवलेल्या स्टिकरवर मिलिमीटरचा आकडा असतो, तो बघा. दोन साइजच्या मधलं माप आलं तर आधी लहान साइज घालून बघायची.

पायरी २: डोक्याचा आकार

माप सारखं असलेल्या दोन माणसांना एकच हेल्मेट बसेल असं नाही. कोणाचं डोकं वरून बघितलं तर गोल असतं, कोणाचं पुढून मागे लांबट. घरातल्या कोणाला तरी केस दाबून बसवून वरून मोबाईलवर एक फोटो काढायला सांगा, लगेच कळेल. बाजारातली बरीचशी हेल्मेटं मध्यम लंबगोल डोक्यासाठी घडवलेली असतात. हेल्मेट कपाळाला टोचत असेल पण कानांच्या वर सैल असेल, तर तुमचं डोकं त्या हेल्मेटपेक्षा लांबट आहे. कानशिलं दाबली जातात आणि कपाळासमोर फट राहते, तर डोकं जास्त गोल आहे. अशा वेळी मोठी साइज मागू नका, दुसरं मॉडेल किंवा दुसरी कंपनी मागा. वेगा, स्टड्स, स्टीलबर्ड यांच्या साच्यांत फरक असतो आणि तिघींची स्वस्तातली मॉडेलं बहुतेक जिल्ह्याच्या गावी मिळतात. (वेगा तर आपल्या शेजारची, बेळगावची.)

पायरी ३: दुकानात घालून बघणं

इथे घाई करू नका. रविवारी संध्याकाळी दुकानात गर्दी असते आणि दुकानदाराला तुम्हाला कटवायचं असतं. मधल्या वारी दुपारी गेलात तर तो चार डबे उघडेल.

दोन्ही पट्टे बाहेरच्या बाजूला ताणून धरा आणि हेल्मेट कपाळाकडून मागे असं चढवा. चढताना कान थोडे घासले गेले पाहिजेत. बसल्यावर समोरची किनार भुवयांच्या जरा वर यायला हवी. बरेच जण हेल्मेट मागे सरकवून कपाळ उघडं ठेवतात, तसं नको.

मग गाल बघा. नवीन हेल्मेटमध्ये गाल तोबरा भरल्यासारखे वर आले पाहिजेत. बोलताना आतून गाल चावला जातोय असं वाटलं तर घाबरू नका. गालाच्या गाद्या मऊ स्पंजच्या असतात आणि वापरात बऱ्यापैकी दबतात. दुकानदाराचं "वापरून सैल होईल" हे ठरलेलं वाक्य गालांच्या बाबतीत खरं आहे. कपाळाच्या बाबतीत मात्र ते खोटं. तिथे पातळ कापडामागे लगेच थर्माकोल असतं, आणि ते वापरून दबत नाही.

आता हेल्मेटचा हनुवटीसमोरचा भाग पकडून ते डावी-उजवीकडे हलवा. गालांची कातडी हेल्मेटबरोबर ओढली गेली पाहिजे. हेल्मेट फिरलं आणि चेहरा जागच्या जागी राहिला, तर साइज मोठी आहे. मग पट्टा बांधा, पट्टा आणि गळा यांच्यात एक-दोन बोटं जातील इतका घट्ट. मान थोडी खाली घाला आणि कोणाला तरी हेल्मेटची मागची कड पकडून वर, पुढच्या दिशेने ओढायला सांगा. डोक्यावरून निघून येत असेल तर ते खाली ठेवा आणि पुढचं बघा. ही परीक्षा दुकानात क्वचितच कोणी करताना दिसतं, पण सैल हेल्मेट सगळ्यात आधी इथेच उघडं पडतं.

यानंतर ते तसंच घालून पंधरा मिनिटं दुकानात रेंगाळा. फोन बघा, बिलाची चौकशी करा. काढल्यावर आरशात कपाळ बघा. सगळीकडे सारखा हलका वळ असेल तर ठीक. एकाच ठिकाणी लाल ठिपका उठला असेल किंवा तिथे दुखायला लागलं असेल, तर तासाभराच्या प्रवासात तिथूनच डोकं धरेल.

चष्मा असेल तर चष्मा घेऊनच जा. हेल्मेट आधी, मग काड्या आत सरकवायच्या. कानशिलांवर दाब येता कामा नये. पुण्यात अनेक मुली हेल्मेटखाली स्कार्फ गुंडाळतात. रोज तसंच वापरणार असाल तर स्कार्फ बांधूनच साइज बघा, नाहीतर घरी गेल्यावर वेगळंच हेल्मेट घेतल्यासारखं वाटेल. जाड स्कार्फपेक्षा पातळ सुती टोपी बरी, घामही टिपते आणि फिटिंगही बदलत नाही. अंबाडा असेल तर हेल्मेट मागून वर उचललं जातं. केस मानेशी खाली बांधूनच घालावं लागतं.

पायरी ४: आयएसआय खरा की छापलेला

१ जून २०२१ पासून आयएसआय मार्क नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकायला देशात बंदी आहे. तरी रस्त्याच्या कडेला दोनशे-तीनशे रुपयांत ढीग लावलेला असतोच, आणि त्यावरही आयएसआय छापलेलं असतं. मार्कच्या वर आयएस ४१५१ हा मानकाचा क्रमांक आणि खाली 'सीएम/एल' पासून सुरू होणारा परवाना क्रमांक हवा. बीआयएस केअर या सरकारी मोबाईल ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की परवाना कोणत्या कंपनीचा आहे ते दिसतं. नाव जुळलं पाहिजे.

ॲप उघडायचा कंटाळा असेल तर निदान आतलं कापड बोटाने बाजूला करून बघा. मऊ स्पंज आणि त्यामागे थेट प्लास्टिक असेल, मध्ये थर्माकोल नसेल, तर ती टोपी आहे. फक्त 'डॉट' लिहिलेल्या स्टिकरला भुलू नका. ते अमेरिकेचं मानक आहे, तिथे उत्पादक स्वतःच तसं जाहीर करतो, आणि आपल्याकडे आयएसआयच्या जागी ते चालत नाही.

पैसे कुठे घालावेत

आयएसआय असलेलं फुल फेस हेल्मेट साधारण हजार-बाराशेपासून सुरू होतं. ते आणि साडेतीन हजारांचं हेल्मेट, दोन्हींना आयएस ४१५१ च्या त्याच चाचण्या पार कराव्या लागतात. वरचे पैसे जातात ते वजन, हवा खेळणं, कापडाचा दर्जा, काचेची सफाई आणि बरेचसे ग्राफिक्सवर. एकाच मॉडेलचा साधा रंग आणि चित्रवाला रंग यांत दोन-चारशे रुपये सहज वाचतात.

हाफ फेस घेऊ नका. गरम होतं, ही तक्रार खरी आहे, विदर्भातल्या मे महिन्यात तर फारच खरी. पण हाफ फेसमध्ये जबडा आणि दात उघडे राहतात. गाद्या काढून धुता येतात का, हे जरूर विचारा. आपल्या घामाला तो गुण हवाच. आतली काळी छोटी काच या बजेटमध्ये मी सोडून देईन. मुख्य काच पारदर्शकच घ्या, कारण काळ्या काचेने रात्री खड्डा दिसत नाही. सुटी काच त्याच दुकानात मिळते का आणि केवढ्याला, हेही आधीच विचारून ठेवा. काचेवर चरे पडतातच, आणि काच मिळत नाही म्हणून अख्खं हेल्मेट बदलणं परवडत नाही.

पट्ट्याचं कुलूप स्वतः दोन-चार वेळा लावून, जोरात ओढून बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये पट्ट्याने घट्ट बांधलेलं हेल्मेटच हेल्मेट धरलं आहे, नुसतं डोक्यावर ठेवलेलं नाही. दंड १००० रुपये, आणि वर परवाना तीन महिने रद्द होऊ शकतो.

स्टिकरवर उत्पादनाचा महिना-साल बघा, दोन-तीन वर्षं दुकानात पडून असलेलं नको. सेकंडहँड तर नकोच, कारण आतलं थर्माकोल आधीच दबलेलं असलं तरी बाहेरून दिसत नाही. ऑनलाइन स्वस्त मिळत असेल तर आधी दुकानात तेच मॉडेल, तीच साइज घालून बघा आणि परत करण्याची सोय असेल तरच मागवा. अर्थात ज्याने पाच डबे उघडून दाखवले त्याच्याकडून शंभर रुपये जास्त देऊन घेतलं तर काही बिघडत नाही.

मागे बसणाऱ्याचं काय

नव्या गाडीबरोबर शोरूममधून मिळालेलं हेल्मेट बहुतेक घरांत मागच्या माणसासाठी ठेवलेलं असतं, मग ते आजोबांना असो की आठवीतल्या मुलीला. ताब्यात घेतानाच साइज बदलून मागा, बऱ्याचदा देतात. चार वर्षांवरच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं आहे, आणि २०२२ च्या केंद्रीय नियमानुसार नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांनाही. मुलांच्या मापाची हेल्मेटं वेगळी मिळतात. मोठ्यांचं हेल्मेट आत रुमाल कोंबून मुलाला घालू नका. मुलांसाठी घेतानाही वरच्या सगळ्या परीक्षा तशाच करायच्या. फक्त मूल "बसतंय" म्हणालं तरी विश्वास ठेवू नका, कारण त्याला त्यावरचं कार्टून आवडलेलं असतं.