मधुमेहात हृदय आणि रक्तवाहिन्यांसाठी व्यायाम: ठाणे व नवी मुंबईच्या दिनक्रमात तो कसा बसवावा

मधुमेह असलेले अनेक जण चालायला लागतात ते साखर उतरावी म्हणून, आणि महिन्याभरात ग्लुकोमीटरवरचा आकडा मनासारखा खाली आला नाही की चालणे सोडून देतात. मधुमेहात जिवाला सर्वांत मोठा धोका हृदयविकार आणि पक्षाघात यांचा असतो, आणि त्या बाबतीत व्यायाम जे काम करतो त्यातले बरेचसे बोटातून काढलेल्या रक्ताच्या थेंबात दिसतच नाही. म्हणून व्यायामाची आखणी करताना साखरेइतकाच, किंबहुना तिच्याहून अधिक, रक्तवाहिन्यांचा विचार करावा, असे माझे ठाम मत आहे.

रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असलेले नाजूक अस्तर असते. निरोगी अस्तर नायट्रिक ऑक्साइड हा वायू अत्यल्प प्रमाणात तयार करत राहते. त्यामुळे वाहिनीची भिंत सैल राहते आणि रक्ताच्या गुठळ्या सहजी धरत नाहीत. हा वायू शरीरात संदेश पोहोचवतो, या शोधासाठी रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली आणि शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले, की अस्तराची ही क्षमता घटते, वाहिन्या ताठर होतात आणि भिंतीत कोलेस्टेरॉलचे थर साचू लागतात. आपण झपाझप चालतो तेव्हा रक्ताचा प्रवाह वाढतो, अस्तरावर त्याचे घर्षण वाढते, आणि या घर्षणामुळेच अस्तर अधिक नायट्रिक ऑक्साइड बनवू लागते. त्याच वेळी आकुंचन पावणारे स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातील ग्लुकोज आत ओढून घेतात, आणि पुढे साधारण २४ ते ७२ तास इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देतात. नियमित व्यायामाने रक्तदाब काही अंकांनी उतरतो, ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी घटते आणि पोटातली चरबी वजनाच्या काट्यावर फारसा फरक दिसला नाही तरी कमी होऊ शकते.

इन्सुलिनला मिळणारा हा वाढीव प्रतिसाद दोन-तीन दिवसांत ओसरतो, आणि सगळी आखणी याच गोष्टीभोवती करावी लागते. रविवारी येऊरला दोन तास चालायचे आणि उरलेला आठवडा बसून काढायचा, हा अनेकांचा क्रम रक्तवाहिन्यांच्या दृष्टीने अपुरा आहे. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या शिफारशीनुसार बहुतेक प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम किंवा त्याहून जोरकस व्यायाम करावा, तो किमान तीन दिवसांत विभागलेला असावा आणि लागोपाठ दोन दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नये. या तिन्हींपैकी शेवटची अट सर्वांत जास्त मोडली जाते. मिनिटे कमी पडली तरी चालतील, पण खंड लांबू देऊ नये.

सुरुवात करण्यापूर्वी कोणतीही तक्रार नसलेल्या आणि केवळ भरभर चालू इच्छिणाऱ्या बहुतेकांना ट्रेडमिल टेस्टची गरज नसते. मात्र छातीत दडपण येत असेल, थोड्या श्रमाने धाप लागत असेल, मूत्रपिंडाचा विकार असेल, किंवा मधुमेह बऱ्याच वर्षांचा असून आता धावणे वा जिम सुरू करायची असेल, तर आधी डॉक्टरांशी बोलावे. दीर्घकाळच्या मधुमेहात हृदयाकडे जाणाऱ्या मज्जातंतूंना इजा झालेली असू शकते आणि रक्तपुरवठा कमी पडत असूनही छातीत दुखत नाही. दृष्टिपटलाची तपासणीही करून घ्यावी, कारण तेथे नव्या, ठिसूळ रक्तवाहिन्या वाढलेल्या असतील तर जड वजन उचलण्याने किंवा जोरदार उड्यांनी डोळ्यात रक्तस्राव होण्याची भीती असते.

पहिले काही आठवडे सपाट जागा निवडावी. ठाण्यात मासुंदा तलाव, पाचपाखाडीचा कचराळी तलाव किंवा उपवनचा काठ, आणि नवी मुंबईत नेरूळचे ज्वेल ऑफ नवी मुंबई किंवा खारघरचे सेंट्रल पार्क त्यासाठी सोयीचे आहे. येऊरचा किंवा पारसिकचा चढ दम वाढल्यावर घ्यावा. वेग किती असावा हे बोलून पाहावे: पूर्ण वाक्य बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, एवढा वेग मध्यम समजावा. मेटोप्रोलॉलसारखे बीटा-ब्लॉकर औषध चालू असलेल्यांनी मनगटी घड्याळावरच्या नाडीवर विसंबू नये, कारण ते औषध ठोके मुळातच कमी ठेवते. त्यांच्यासाठी बोलण्याची ही कसोटीच खरी.

एकाच वेळी अर्धा तास मिळत नसेल तर जेवणानंतर दहा-दहा मिनिटे चालावे. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाने टाइप २ मधुमेहींवर केलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दिवसातून एकदा केव्हातरी अर्धा तास चालण्यापेक्षा प्रत्येक मुख्य जेवणानंतर दहा मिनिटे चालण्याने जेवणानंतरची साखर कमी राहिली, आणि सर्वांत मोठा फरक रात्रीच्या जेवणानंतर दिसला. ठाण्याहून ऐरोली-महापेच्या कार्यालयांत जाणाऱ्या, रात्री नऊला जेवून थेट झोपणाऱ्या माणसांसाठी सोसायटीच्या आवारातल्या त्या दहा मिनिटांचे मोल फार आहे. कार्यालयात दर अर्ध्या तासाने उठून दोन-तीन मिनिटे चालावे, आणि स्थानकावर सरकता जिना सोडून साधा जिना चढावा. लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो, हे जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्येच दाखवले होते.

स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा, लागोपाठच्या दिवशी न येईल असा करावा, कारण ग्लुकोज साठवण्याची शरीरातली सर्वांत मोठी जागा स्नायूच आहेत. हात न टेकता खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून दंड काढणे, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे एवढ्याने सुरुवात होते. जोर लावताना श्वास रोखू नये, सोडावा. श्वास रोखल्याने रक्तदाब क्षणात चढतो.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी साखर गरजेपेक्षा खाली उतरण्याचा धोका गांभीर्याने घ्यावा. केवळ मेटफॉर्मिनवर असणाऱ्यांना तो फारसा नसतो. व्यायामापूर्वी साखर ९० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर आधी थोडे खावे. खिशात ग्लुकोज पावडर किंवा साखरेची पुडी ठेवावी, आणि थरथर, घाम, गोंधळल्यासारखे होणे यांपैकी काहीही जाणवले की थांबून तीन चमचे घ्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांत थरथर आणि धडधड झाकली जाते, घाम मात्र येतो. चालण्यापूर्वीचे इन्सुलिन मांडीत टोचू नये, ते लवकर शोषले जाते. संध्याकाळी जास्त श्रम झाले तर साखर मध्यरात्रीही उतरू शकते, म्हणून त्या दिवशी झोपण्यापूर्वी तपासावी. उलट साखर २५० च्या वर असून उलट्या, ताप किंवा लघवीत कीटोन (इन्सुलिन कमी पडून चरबी जळताना तयार होणारे पदार्थ) असतील तर त्या दिवशी व्यायाम करू नये.

पावसाळ्यात आपल्याकडे खंड पडतो तो जूनपासून, आणि पुष्कळदा दिवाळीपर्यंत लांबतो. त्यासाठी घरातली सोय आधीच ठरवून ठेवावी: इमारतीचा जिना, पार्किंगची कोरडी जागा, तेही नसेल तर घरातच जागच्या जागी चालणे. पायांना मुंग्या येत असतील किंवा संवेदना कमी असेल तर ओल्या बुटांनी झालेला फोड कळतही नाही. बूट कोरडे ठेवावेत, मोजे रोज बदलावेत आणि रात्री तळवे व बोटांमधल्या फटी पाहाव्यात, स्वतःला दिसत नसेल तर घरच्यांना पाहायला सांगावे. साचलेल्या पाण्यातून चालणे टाळावे, कारण पायाच्या बारीकशा जखमेतूनही लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शिरतात. चालताना पोटरीत गोळा येऊन थांबल्यावर बरे वाटत असेल तर पायाच्या धमन्या अरुंद झाल्याची शंका घ्यावी. डॉक्टरांनी तसे निदान केले तर चालणे हाच त्यावरच्या उपचाराचा भाग असतो: दुखेपर्यंत चालावे, थांबावे, पुन्हा चालावे.

व्यायाम औषधांची जागा घेत नाही. अमेरिकेतल्या लुक अहेड या चाचणीत टाइप २ मधुमेह असलेल्या ५,१४५ लोकांपैकी एका गटाला आहार, व्यायाम आणि वजन घटवण्याचा काटेकोर कार्यक्रम दिला; त्यांचे वजन, साखर आणि दमसास सुधारला, औषधेही कमी लागली, पण हृदयविकार आणि पक्षाघात यांच्या प्रमाणात दोन गटांत लक्षणीय फरक पडला नाही. दोन्ही गटांना कोलेस्टेरॉल आणि रक्तदाबाची चांगली औषधे मिळत होती, हे येथे ध्यानात घ्यावे. मला त्याचा अर्थ असा दिसतो की स्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचे औषध, रक्तदाबाची गोळी आणि चालणे ही कामे एकमेकांच्या जोडीने होतात. आकडे सुधारले म्हणून गोळी मनाने बंद करू नये. चालण्याची नोंद एका वहीत ठेवून ती डॉक्टरांना दाखवावी आणि औषधांची मात्रा त्यांनाच ठरवू द्यावी.

चालताना छातीत दडपण, डावा हात किंवा जबडा भरून येणे, एकाएकी धाप, थंड घाम, मळमळ किंवा अवाजवी थकवा जाणवला तर तिथेच बसावे. मधुमेहींत, विशेषतः स्त्रियांत, छातीत न दुखताही झटका येतो, म्हणून ॲसिडिटी समजून घरी जाऊन पडून राहू नये. १०८ क्रमांकावर फोन करावा किंवा सोबतच्या माणसाला ईसीजीची सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयात न्यायला सांगावे, आणि स्वतः गाडी चालवत जाऊ नये.