अर्धवट वेबसाइट घेऊन दापोलीला

धोपाव्याहून फेरीबोट सुटली तेव्हा माझ्या वेबसाइटवर तीनच पानं होती. त्यातल्या एकावर 'काम चालू आहे' एवढंच लिहिलेलं. शृंगारतळीहून निघताना दोनदा वाटलं, साइट नीट करू आणि मेळाव्याला पुढच्या खेपेला जाऊ. पण मोटरसायकल बोटीवर चढवून झाली होती, मागे गाड्यांची रांग लागली होती. पलीकडे दाभोळला उतरलो आणि तासाभरात दापोलीत.

स्वतःची वेबसाइट स्वतः बनवणाऱ्यांचा मेळावा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर एसी हॉल आणि गळ्यात ओळखपत्रं आली होती. प्रत्यक्षात एका जुन्या घराची ओटी, सतरंजी आणि चौदा माणसं. एकाचीही साइट पूर्ण नव्हती. आयोजक ताईंची साइट माझ्या शाळेच्या दिवसांपासून चालू आहे, तिच्यातलीही दोन पानं उघडत नाहीत. त्यांनीच ती हसत दाखवली.

या मेळाव्यांची पद्धत अमेरिकेतून आली. 2011 साली पोर्टलंडमध्ये पहिला इंडीवेबकॅम्प भरला. 2013 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत होमब्रू वेबसाइट क्लब सुरू झाला. हे नाव 1975 च्या होमब्रू कॉम्प्युटर क्लबवरून घेतलेलं, म्हणजे ॲपल कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, वॉझनियॅक, याने ॲपलचा पहिला कॉम्प्युटर जिथे दाखवला तो क्लब. कॅम्पची रीत साधारण अशी: पहिला दिवस बोलण्याचा, दुसरा करण्याचा. वक्ते आधी ठरलेले नसतात. ज्याला जे विचारायचंय ते त्याने कागदावर लिहून भिंतीला चिकटवायचं, त्यातून दिवसाचं वेळापत्रक बनतं. मी 'फोटो लवकर का दिसत नाहीत' असं लिहून कागद अगदी कोपऱ्यात लावला होता. ताईंनी तो काढून मधोमध लावला.

मूळ कल्पना फार अवघड नाही. आपलं लिखाण, फोटो आधी आपल्या साइटवर टाकायचे, मग हवं तर फेसबुक-इन्स्टावर त्याची प्रत. ऑर्कुट ही फेसबुकसारखी साइट 2014 मध्ये बंद झाली तेव्हा आपल्या कॉलेजातल्या गप्पा कशा गेल्या, हे ताई सांगत होत्या. म्हणजे स्वतःचं घर बांधा, भाड्याच्या खोलीत राहू नका, असं कुणीतरी म्हणालं. त्यावर मालवणचे होमस्टेवाले काका लगेच, "मगे डोमेन तरी तुझा खंय? वर्साक पैसे भरतंस मां?" सगळे गप्प. काकांचं खरंच होतं. डोमेन म्हणजे साइटचा पत्ता; ते नाव कायमचं विकत मिळत नाही, मुदतीवर मिळतं. पहिल्या वर्षी स्वस्त आणि नूतनीकरणाला महाग, हा प्रकार सर्रास चालतो, तेव्हा घेताना दुसऱ्या वर्षाचा दर वाचा. आणि नोंदणी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलवर करा. काकांचं पहिलं डोमेन साइट बनवून देणाऱ्याने स्वतःच्याच नावावर घेतलं होतं. पुढे तो फोन उचलेना, आणि काकांना नव्या नावाने सगळं परत उभं करावं लागलं.

आता माझा कागद. मी लॅपटॉप उघडायला गेलो तर ताई म्हणाल्या, "तू नको. काकांच्या फोनवर उघडू दे. आणि तू काही बोलायचं नाही." काकांच्या जुन्या फोनवर माझं पान उघडायला घेतलं. आधी पांढरं. मग नाव आलं. मग पुन्हा काही नाही. गुहागरच्या समुद्राचा फोटो पट्टीपट्टीने वरून खाली उतरत होता, जुन्या दुकानाचं शटर ओढल्यासारखा. 'रेंज नाहीये इथे' हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. पण रेंज नसणं हीच तर आपल्याकडची नेहमीची परिस्थिती. फोनमधून काढलेला फोटो मी जसाच्या तसा चढवला होता, एकेक चार-पाच एमबीचा. रुंदी बाराशे पिक्सेलवर आणली, जेपीईजीची गुणवत्ता थोडी उतरवली, तर तोच फोटो दोनशे केबीच्या आसपास आला. डोळ्यांना फरक कळत नाही. कॉलेजात वेब डिझाइनचा पेपर मी चांगल्या मार्कांनी काढला होता, त्यात हे कुठे आलं नव्हतं.

मेळाव्याला जाऊन एकच गोष्ट करायची असेल तर ही करा: आपलं पान अनोळखी माणसाच्या फोनवर उघडायला द्या आणि तोंड बंद ठेवा. फार जड जातं.

मराठीत साइट असेल तर आणखी काही पदरात पडतं. एचटीएमएल, म्हणजे वेबपान ज्या खुणांनी लिहितात ती भाषा, तिच्यात अगदी सुरुवातीलाच पानाची भाषा 'एमआर' (mr) अशी लिहायची असते. मी तयार नमुना उचललेला, त्यात इंग्रजीची खूण तशीच राहिली होती. ती बदलली आणि 'ल' नि 'श' एकदम आपल्या वळणाचे झाले. अर्थात फॉन्टमध्ये मराठी रूपं असावी लागतात, सगळ्यांत नसतात. ओळींमधलं अंतरही इंग्रजीपेक्षा जास्त ठेवावं लागतं, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसतात. आणि काकांच्या पानावर 'डोंगरदऱ्या' ऐवजी 'डोंगरदर्या' पडलं होतं. चूक दाखवली तर म्हणाले, "चुकला खंय? डोंगर हा, दर्या पण हा." ते अजून तसंच आहे.

पहिल्या दिवशी वेबमेन्शन, आरएसएस असले शब्द कानावर पडतील. आरएसएस म्हणजे इथे साइटवर नवं काय आलं ते वाचकाला आपोआप मिळण्याची सोय. एका साइटने दुसरीला 'तुझा दुवा दिलाय' असं कळवायची जी पद्धत, तिला वेबमेन्शन म्हणतात. मला ते तेव्हा कळलं नाही आणि काही बिघडलंही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, कुळथाची पिठी-भात होतोय तोवर परतीचा पाऊस गडगडत आला आणि लाइट गेली. इंटरनेटही गेलं. ज्यांच्या साइट कुठल्यातरी ऑनलाइन सेवेतच बनवलेल्या होत्या ते हात बांधून बसले. माझी तीन पानं साध्या फाइलींची, लॅपटॉपवरच होती, मी बॅटरी संपेपर्यंत काम करत राहिलो. एवढ्या एका गोष्टीसाठी नवख्याने सुरुवात साध्या एचटीएमएलने करावी असं माझं मत आहे. तिथल्या दोघांना ते पटलं नाही, आणि त्यांच्या साइट माझ्यापेक्षा देखण्या आहेत हेही खरं.

संध्याकाळी लाइट आल्यावर प्रत्येकाने दोन दिवसांत काय केलं ते दाखवायचं. स्लाइड चालत नाहीत, स्वतःच्या साइटवरचं चालू पान हवं. मी फोटो हलके केले, भाषेची खूण बदलली, एवढंच सांगितलं. मिनिटभरात आटोपलं. काकांनी पुन्हा फोन काढून पान उघडलं आणि म्हणाले, माझ्या साइटचे फोटो पण असे करून दे, पैसे देतो. कामाचे मिळालेले ते माझे पहिले पैसे. मात्र काम मिळवायला आपलं व्हिजिटिंग कार्ड वाटत फिरणारा एकजण होता, त्याच्याशी जेवताना कुणी फारसं बोलत नव्हतं.

जाताना बरोबर लांब वायरचा एक्स्टेंशन बोर्ड न्या. ओटीवर प्लग एकच होता आणि लॅपटॉप चौदा. शेवटची फेरीबोट किती वाजता आहे तेही आधी विचारून ठेवा. आमचा कार्यक्रम लांबला आणि मला ती रात्र दापोलीत त्याच सतरंजीवर काढावी लागली.