गजकर्ण पुन्हा पुन्हा का उठतं? औषध घेताना या चुका टाळा

पावसाळ्यात दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. ओलसर जीन्स तशीच अंगात चढते आणि जांघेत, कमरेला नाडीच्या जागी खाज सुटते. मग लाल, कडेला उठावदार, मधे फिकट असं गोल चकंदळ दिसायला लागतं. हेच गजकर्ण, म्हणजे कातडीला झालेला बुरशीचा संसर्ग. मेडिकलमध्ये जाऊन "खाजेची ट्यूब द्या" म्हटलं जातं आणि घोळ तिथेच सुरू होतो.

त्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांतलं एखादं नाव असेल तर त्यात स्टेरॉइड आहे. दोन दिवसांत लाली उतरते, खाज थांबते. पण स्टेरॉइड बुरशीला मारत नाही, त्या जागेची प्रतिकारशक्ती तेवढी दाबतं. बुरशी आत पसरत राहते. मलम थांबवलं की चट्टा आणखी मोठा होऊन उठतो, आणि कडा पुसट झाल्यामुळे डॉक्टरांनाही तो चटकन ओळखू येत नाही. महिनोन् महिने लावलं तर कातडी पातळ होऊन जांघेत कायमचे पट्टे पडतात. मला सगळ्यांत घातक चूक हीच वाटते, कारण औषध लागू पडतंय असं रुग्णाला मनापासून वाटत असतं.

खरं औषध बुरशीच्या पेशीच्या आवरणावर घाव घालतं. त्या आवरणात एर्गोस्टेरॉल नावाचा चरबीसारखा पदार्थ असतो. आपल्या पेशींत त्या जागी कोलेस्टेरॉल. टर्बिनाफीन, क्लोट्रिमॅझोल, इट्राकोनॅझोल ही औषधं एर्गोस्टेरॉल तयार होण्याच्या वेगवेगळ्या पायऱ्या अडवतात. साधी अँटिबायोटिक्स जीवाणूंसाठी असतात, त्यांचा इथे काही उपयोग नाही.

यातली बरीचशी औषधं बुरशीची वाढ रोखतात, तिला एका फटक्यात संपवत नाहीत. म्हणून खाज थांबली की गोळ्या सोडू नका. डॉक्टरांनी सांगितलेले आठवडे पूर्ण करा. मलम फक्त लालीवर नको. जिवंत बुरशी कडेला असते, तेव्हा कडेच्या बाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावा. पायाच्या नखाला बुरशी लागली असेल तर टर्बिनाफीनच्या गोळ्या साधारण 12 आठवडे चालतात आणि स्वच्छ नख पूर्ण उगवायला वर्षही लागतं.

इट्राकोनॅझोलची कॅप्सूल उपाशीपोटी घेऊ नका, भरपेट जेवणानंतर घ्या. पित्ताच्या गोळीने ती नीट शोषली जात नाही. हृदयाचा त्रास असेल किंवा कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा.

सगळं नीट करूनही फरक पडत नसेल तर शेजाऱ्याची चिठ्ठी वापरू नका. ट्रायकोफायटन इंडोटिनी ही बुरशी 2020 मध्ये वेगळी जात म्हणून नोंदली गेली. तिचे बरेच प्रकार टर्बिनाफीनला दाद देत नाहीत. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञ चट्ट्यावरच्या कातडीची खरवड तपासून औषध बदलतात.

आणि घरात आणखी कुणाला खाज असेल तर त्यांचे उपचारही त्याच वेळी सुरू करा. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा ठेवा, आतले कपडे गरम पाण्यात धुवा, ऊन नसेल तेव्हा उलटे करून इस्त्री फिरवा, विशेषतः शिवणीवर.