अनियमित ठोके: नाडी कशी मोजावी आणि कधी मोजू नये

मला एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार आहे, बरीच वर्षं. तुमचं निदान ईसीजीवर झालंय, थायरॉइड तपासून झालाय आणि औषधं सुरू आहेत असं धरून पुढचं लिहिते.

मोजणं सोपं. पाच मिनिटं शांत बसा, मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवा आणि पूर्ण साठ सेकंद मोजा. ‘पंधरा सेकंद मोजून चारने गुणा’ हा सल्ला आपल्या कामाचा नाही. एका पंधरा सेकंदांत सतरा ठोके लागले तर उत्तर 68, पुढच्या पंधरांत चोवीस लागले तर 96. माणूस तोच, मिनिटही तेच. शिवाय दुबळे ठोके मनगटापर्यंत पोचतच नाहीत, त्यामुळे ऑक्सिमीटरचा आकडा ईसीजीपेक्षा कमी येऊ शकतो. ठरलेल्या वेळी एकदा मोजा, वहीत लिहा, वही बंद करा.

मग डॉक्टरांकडून तुमच्या मर्यादा लिहून घ्या: वरची किती, खालची किती, आणि किती वेळ तशीच राहिली तर फोन करायचा. 60 ते 100 हा सर्वसाधारण आकडा धरून घाबरू नका. नेदरलँड्समध्ये 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विश्रांतीच्या वेळी 110च्या आत ठेवलेले रुग्ण 80च्या आत ठेवलेल्यांपेक्षा वाईट स्थितीत आढळले नाहीत. पण तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांचाच.

खरी अवघड गोष्ट रात्रीची. इथे मी फार झगडले आहे. दोनच्या सुमारास जाग येते, डाव्या कुशीवर छाती धडधडताना जाणवते, हात आपसूक मनगटाकडे जातो. 92. पुन्हा मोजलं, 104. आता झोप गेलीच. दुसऱ्या वेळी तुम्ही हृदय मोजत नसता, भीती मोजत असता: घाबरलं की अ‍ॅड्रेनलिन वाढतं आणि ठोके खरोखरच वाढतात. आकडा खोटा नाही, म्हणूनच तो फसवतो. तेव्हा रात्री मोजायचंच नाही, एकदाही नाही. घड्याळ काढून ठेवा, ऑक्सिमीटर दुसऱ्या खोलीत.

त्याऐवजी उठून बसा आणि स्वतःला विचारा. छातीत दुखतंय किंवा दाब येतोय? धाप लागलीय? भोवळ, डोळ्यांपुढे अंधारी? तोंड वाकडं, हात किंवा पाय लुळा, बोलणं अडखळतंय? एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर नाडी न बघता 108 लावा. मोबाइलवर फिरणारा ‘जोरजोरात खोका’ हा उपाय करत बसू नका, त्यात वेळ जातो.

सगळी उत्तरं ‘नाही’ असतील तर उजव्या कुशीवर वळा, श्वास सावकाश सोडा, घेतलात त्याहून जास्त वेळ लावून. ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणणाऱ्यांना कळत नाही की धडधड दाबून टाकता येत नाही. ‘हो, धडधडतंय’ असं मनाशी म्हणा आणि धडधडू द्या. मोजण्याची ओढ आधी वाढते, मग आपोआप ओसरते. मात्र मधे एकदा जरी मोजलंत तर ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पहिल्या काही रात्री अतिशय जड जातात. घरच्यांनाही सांगून ठेवा, ‘किती आले?’ असं विचारायचं नाही.

नाडी छान लागतेय म्हणून रक्त पातळ करणारी गोळी कधीही स्वतःहून बंद करू नका. ती ठोक्यांसाठी नाहीच. हृदयात गुठळी होऊन पक्षाघात होऊ नये म्हणून आहे. लसूण तिची जागा घेत नाही. ती गोळी वॉर्फरिन किंवा असिट्रॉम असेल तर मेथी-पालक सोडायची गरज नाही, प्रमाण सारखं ठेवा आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी, वेळेवर करा.

पुढच्या भेटीला वही न्या. एवढं करूनही धास्तीने झोप उडत असेल तर तेही हृदयाच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि समुपदेशकाचं नाव मागा. त्या भीतीवरही उपचार आहेत.