डिसेंबरच्या बर्फात हरणाची शिकार : या चुका टाळा

मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि मिशिगन या अमेरिकेच्या उत्तर भागातील राज्यांत पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या शिकारीचा मुख्य बंदुकीचा हंगाम नोव्हेंबरअखेरीस उरकतो. पुढे उरतात ते मुख्यतः ठासणीच्या बंदुकीचे (नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायची ती) आणि धनुष्यबाणाचे दिवस. मिनेसोटात ठासणीच्या बंदुकीचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होऊन १६ दिवस चालतो, तर धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्यांना ३१ डिसेंबरपर्यंत मुभा असते. रानातली गर्दी ओसरलेली असते आणि बर्फावर माग स्वच्छ दिसतो, म्हणून नवख्याला आता काम सोपे झाल्यासारखे वाटते. तरीही पुष्कळ जण रिकाम्या हाताने परततात, आणि त्याचे कारण बहुधा एकच असते : नोव्हेंबरात जमलेल्या सवयी डिसेंबरातही तशाच चालवल्या जातात.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीला बंदी आहे. हा लेख वरील राज्यांत राहणाऱ्या आणि कचेरीतल्या सहकाऱ्याच्या किंवा शेजाऱ्याच्या आग्रहावरून या छंदाकडे वळलेल्या मराठी मंडळींसाठी आहे.

परवान्याचा विचार शेवटी करणे

आपल्या लोकांच्या बाबतीत ही चूक सर्वांत महागात पडू शकते. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीने बंदूक किंवा दारूगोळा बाळगणे संघराज्याच्या कायद्यानुसार सर्वसाधारणपणे गुन्हा आहे. अमेरिकेतील एखाद्या राज्याने दिलेला वैध शिकार परवाना हा त्याला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक आहे. म्हणून परवाना हाती येण्याआधी 'नुसता सराव करून बघू' म्हणत मित्राची बंदूक हाती घेणेही टाळावे, आणि शंका असल्यास व्हिसाचे काम पाहणाऱ्या वकिलाला विचारावे. ग्रीन कार्डधारकांना ही अट लागू होत नाही. याशिवाय मिनेसोटात ३१ डिसेंबर १९७९ नंतर आणि विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना परवान्यासाठी शिकार सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला असावा लागतो. तो उन्हाळ्यातच उरकावा.

नर जिथे दिसला होता तिथेच बसून राहणे

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात माजावर आलेला नर माद्यांच्या मागे दिवसभर भटकतो, खाण्याकडे लक्ष देत नाही आणि अंगावरची चरबी उधळून टाकतो. डिसेंबर उजाडेपर्यंत तो खंगलेला असतो आणि पुढचे चार महिने उरलेल्या चरबीवर काढायचे असल्यामुळे कंजुषासारखा वागू लागतो : हालचाल कमी, जेवढी होईल तेवढी खाण्यासाठी, आणि उरलेला वेळ वारा लागणार नाही अशा जागी पडून राहणे. ज्या वाटेवर त्याने महिन्यापूर्वी झाडाची साल शिंगांनी खरवडली होती, त्या वाटेवर मचाण बांधून आता काही उपयोग नसतो.

शोधायचे ते खाणे आणि ऊब. शेतीच्या दक्षिण पट्ट्यात उभा राहिलेला मका किंवा सोयाबीन, नाहीतर कापणीनंतर जमिनीवर सांडलेले दाणे यांवर हरणे येतात. बर्फ खुरांनी उकरून खालची काळी माती उघडी पडलेली दिसली, की जागा चालू आहे असे समजावे. उत्तरेकडच्या जंगलात शेती नसते, तिथे पांढरा देवदार, बाल्सम फर, लाल फांद्यांचे डॉगवुड आणि तोडलेल्या ॲस्पेनच्या जागी फुटलेले कोंब यांवर गुजराण चालते. लाकूडतोड चालू असलेल्या ठिकाणी आडव्या पडलेल्या शेंड्यांवर तर हरणे रात्रीतून येऊन ताव मारतात. आमिष म्हणून आपण धान्य टाकणे मात्र मिनेसोटात बेकायदा आहे, आणि विस्कॉन्सिनमध्ये त्याचे नियम काउंटीगणिक बदलतात.

हरणे शेत सोडून दाट सूचिपर्णी झाडीत कधी शिरतील, याचा अंदाज बांधण्यासाठी मिनेसोटाच्या वन्यजीव खात्याची एक मोजणी उपयोगी पडते. १ नोव्हेंबरपासून ३१ मेपर्यंत, जमिनीवर १५ इंच किंवा अधिक बर्फ असलेल्या प्रत्येक दिवसाला एक गुण आणि तापमान शून्य फॅरनहाइट, म्हणजे उणे १८ अंश सेल्सिअस, किंवा त्याखाली गेलेल्या प्रत्येक दिवसाला आणखी एक गुण धरला जातो. मोसमाची बेरीज १०० च्या आत राहिली तर हिवाळा सौम्य आणि १८० च्या वर गेली तर कडक मानतात. शिकाऱ्याने बेरजेपेक्षा त्यामागच्या दोन आकड्यांकडे पाहावे. बर्फ त्या खोलीपर्यंत पोहोचला की हरणाला चालणे परवडेनासे होते, आणि कळप देवदारांच्या आडोशाला जाऊन स्वतः तुडवलेल्या मोजक्याच वाटा वापरू लागतो.

वेळेचेही तसेच आहे. कडाक्याच्या थंडीत दुपार ही सकाळपेक्षा भरवशाची असते. पहाटे अंधारात शेताच्या कडेने जाताना तिथे रात्रभर चरत असलेला कळप उधळण्याचीच शक्यता जास्त. मिनेसोटातल्या डुलुथ शहरात डिसेंबरात साधारण ४ वाजून २० मिनिटांनी सूर्य मावळतो आणि मिनेसोटात सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच बार टाकता येतो, त्यामुळे दुपारी एकपर्यंत जागेवर जाऊन बसणे चांगले.

प्रत्येक ठशाला ताजा माग समजणे

बर्फात आठवड्यापूर्वीचा ठसाही डोळ्यांना ठसठशीत दिसतो, आणि त्यामागे तास न् तास फिरणारे लोक दरवर्षी भेटतात. हातमोजा काढून बोट ठशाच्या कडेला लावून पाहावे. नुकत्याच गेलेल्या हरणाच्या ठशाची कड पिठासारखी ढासळते, खुराने पुढे उडवलेला भुगा सुटा असतो. काही तास लोटले की दाबला गेलेला बर्फ आतून सांधला जाऊन कड घट्ट होते आणि बोटाला खडबडीत लागते. ठशात झाडावरचा बर्फ किंवा सूचिपर्णीच्या काड्या पडलेल्या असतील तर माग शिळा आहे. लेंड्या चकचकीत आणि मऊ असतील तर थांबून वारा पाहावा, गोटीसारख्या कडक असतील तर त्या थंडीत किती वेळात गोठतात याचा हिशेब करावा.

हरणांच्या बसण्याच्या जागा याहून बोलक्या असतात. हरीण उठून गेल्यावर लंबगोल खळगा उरतो, त्याच्या तळाशी शरीराच्या उबेने वितळलेला बर्फ असतो आणि त्यात पोकळ, ठिसूळ करडे केस अडकलेले सापडतात. तळ ओलसर असेल तर हरीण तुमच्याच चाहुलीने उठले असण्याची शक्यता आहे. तळाची काच झाली असेल तर घाईचे कारण नाही. खूर ओढत नेल्याची रेघ म्हणजे नरच, हा समज मात्र तीन-चार इंच बर्फापुरताच थोडाफार चालतो. त्याहून खोल बर्फात माद्या आणि पाडसेही पाय ओढतच चालतात.

जाताना लपणे आणि निघताना विसरणे

वरचा थर वितळून पुन्हा गोठला की पावलागणिक कुरकुर होते आणि ती शांत हवेत फार दूर जाते. अशा दिवशी चालत शिकार करण्याचा हट्ट सोडून बसण्याची जागा धरावी, किंवा नवा भुसभुशीत बर्फ पडण्याची अथवा झाडे हलवणाऱ्या वाऱ्याची वाट पाहावी. मचाणापर्यंतची शेवटची शे-दीडशे पावले आदल्या दिवशी दुपारी फावड्याने साफ करून ठेवली तर दुसऱ्या दिवशी निम्मे काम झालेले असते.

निघण्याची वाट कोणी आखतच नाही. संध्याकाळी शेतात आठ-दहा माद्या चरत असताना मचाणावरून खाली उतरणारा माणूस त्या सगळ्यांना दिसतो, आणि पानगळ झालेल्या रानात त्याला आडोसाही नसतो. एकदा असे झाले की तो कळप त्या शेतात उजेडी येणे सोडून देतो. यावर तिथले जुने शिकारी एक साधी युक्ती वापरतात : जमीनमालकाला किंवा जोडीदाराला गाडी किंवा ट्रॅक्टर घेऊन शेतापर्यंत यायला सांगतात. गाडीला हरणे बिचकून दूर होतात, पण मचाणाशी तिचा संबंध जोडत नाहीत.

मचाणाच्या पायऱ्यांवर बर्फाचा पातळ थर असतो, तो खरवडून मगच चढावे. संपूर्ण शरीराचा सुरक्षा पट्टा जमिनीवर असतानाच बांधावा, बंदूक रिकामी करून नंतर दोरीने वर ओढावी. वाट वाचवण्यासाठी गोठलेले तळे ओलांडायचे असेल तर पायी चालणाऱ्यासाठी निदान ४ इंच स्वच्छ बर्फ लागतो. वर साचलेला हिमथर पांघरुणासारखा असल्याने त्याखालचा बर्फ पातळ राहतो.

गाडीतूनच सगळे कपडे चढवून निघणे

थंडीने गारठून दुपारीच घरी परतणारे बहुतेक लोक आधी घामाने भिजलेले असतात. जाड कोट घालून खोल बर्फातून अर्धा तास चालल्यावर आतला सदरा ओला होतो, आणि तो सुती असेल तर पुढचे चार तास अंगाला बर्फासारखा चिकटून राहतो. चालताना थोडी थंडी वाजेल इतकेच कपडे घालावेत, कोट पाठीवर बांधून न्यावा, पोहोचल्यावर श्वास शांत झाला की कोरडा लोकरीचा सदरा आणि मोजे बदलून मग तो चढवावा. दोन मोज्यांनी ठासून भरलेला बूट पायाचे रक्त अडवतो, त्यापेक्षा एक जाड मोजा आणि बोटे हलतील इतका सैल बूट बरा. ऊब यावी म्हणून घोटभर ब्रँडी घेणाऱ्यांचे शरीर उलट लवकर थंड होते, कारण दारूने त्वचेकडचा रक्तप्रवाह वाढून आतली उष्णता बाहेर जाते.

धनुष्य वापरणाऱ्यांनी हिवाळी कपडे घालूनच सराव करावा. फुगीर बाही प्रत्यंचेला लागून बाण भरकटतो, आणि दोन तास स्तब्ध बसलेल्या खांद्याला नेहमीचा ताण ओढवत नाही, म्हणून तो काही पौंडांनी कमी करणे शहाणपणाचे. जवळपास बंदुकीचा हंगाम चालू असेल तेव्हा नियमानुसार भडक नारिंगी कपडेही लागतात; मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनमध्ये भडक गुलाबीही चालतात. पांढरा वेश बर्फात छान मिसळतो, आणि दुसऱ्या शिकाऱ्यालाही दिसत नाही.

बंदूक रात्री घरात घेणे

चाप ओढला, टोपी (दारू पेटवणारी छोटी स्फोटक टिकली) फुटली आणि बार उडालाच नाही, या तक्रारीचे मूळ बहुधा आदल्या रात्रीत असते. दिवसभर उणे दहा अंशांत राहिलेली बंदूक उबदार घरात आणली की पोलादावर दव धरते, नळीत ओल जाते आणि भरलेली बंदुकीची दारू दमट होते. रान सोडताना टोपी काढून घ्यावी आणि बंदूक कुलूपबंद गॅरेजमध्ये, मुलांच्या हाती लागणार नाही अशी, थंडच ठेवावी. टोपी काढलेली ठासणीची बंदूक मिनेसोटात वाहतुकीसाठी रिकामी मानली जाते. तरीही बार फसलाच तर नळी निदान दोन मिनिटे सुरक्षित दिशेला धरून ठेवावी, कारण उशिरा पेट घेण्याची शक्यता असते.

उन्हाळ्यात चोपडलेले जाड तेल थंडीत गोंदासारखे होते, ते पुसून काढावे. नळीच्या तोंडावर टेपचा एक पातळ तुकडा लावला तर बर्फ आत जात नाही; पडल्यावर नळीत बर्फ गेल्याची शंका आली आणि न तपासता बार टाकला तर नळी फाटू शकते. अंतर मोजणारे यंत्र छातीच्या खिशात ठेवावे, म्हणजे बॅटरी टिकते. बर्फ पडत असताना ते समोरच्या कणांचेच अंतर दाखवते, म्हणून आल्याबरोबर झाडांची अंतरे मोजून लक्षात ठेवावीत.

शिंगे नाहीत म्हणजे मादी, असे धरणे

या राज्यांत साधारणपणे ३ इंचांहून कमी लांबीची शिंगे असलेले हरीण 'बिनशिंगी' परवान्यात बसते. त्यामुळे त्या वर्षी जन्मलेला नर, ज्याच्या डोक्यावर नुसत्या गाठी असतात, मादी समजून मारला जातो. कायद्याने ते चुकीचे नसले तरी दोन वर्षांनंतरचा चांगला नर त्यात हकनाक जातो. एकटे, लहान चणीचे आणि निर्धास्तपणे सर्वांत आधी उघड्यावर आलेले हरीण दिसले तर थांबावे. प्रौढ मादीचा चेहरा लांबट असतो आणि कानांमधला माथा गोलसर वाटतो, तर पाडसाचे तोंड आखूड आणि नर पाडसाचा माथा सपाट दिसतो. शेजारी दुसरे हरीण उभे असताना तुलना करणे सर्वांत सोपे. डिसेंबरपासून मोठ्या नरांची शिंगेही गळू लागतात, म्हणून जाड मानेची धिप्पाड 'मादी' दुर्बिणीतून नीट पाहावी. शिंगे गळालेल्या जागी दोन लालसर चट्टे असतात.

बार झाल्यावर घाई

पांढऱ्यावर लाल रंग असेल त्यापेक्षा अधिक दिसतो, आणि थोडे रक्त पाहून लोक धावत सुटतात. त्याउलट हिवाळी केसांचा दाट थर रक्त शोषून घेत असल्याने मर्मी लागूनही सुरुवातीची काही पावले बर्फ कोरा राहू शकतो. आधी हरीण उभे होते ती जागा आणि शेवटचे दिसले ते झाड रंगीत फितीने खुणावे. फेसाळ, उजळ रक्त फुप्फुसाचे, त्यात अर्धा तास पुरे. गडद रक्त यकृताचे, त्याला चार ते सहा तास द्यावेत. हिरवट, दुर्गंधी ओल दिसली तर आतडे फाटले आहे आणि आठ ते बारा तास थांबावे लागते.

खरी कोंडी होते ती वरून बर्फ पडत असताना, कारण तासाभरात माग पुसला जातो. अशा वेळी आतड्याची जखम असली तरी माग पुसण्याच्या भीतीने लगेच मागे लागू नये असे माझे मत आहे. उठवलेले जखमी हरीण मैलभर जाते, न उठवलेले बहुधा पहिल्या दाट झाडीतच बसते. दिशा टिपून घ्यावी आणि पट्टा बांधलेल्या माग काढणाऱ्या कुत्र्याची मदत मिळते का ते पाहावे. अनेक राज्यांत त्याला परवानगी आहे.

थंडी आहे, मांसाला काय होणार

केसांचा थर हरणाला जिवंतपणी जसा उबदार ठेवतो तसाच मेल्यावरही ठेवतो, त्यामुळे आतडी तिथेच काढणे डिसेंबरातही चुकत नाही. दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे लगेच कातडे सोलून उणे पंधरा अंशांत टांगणे. स्नायू ताठरण्यापूर्वीच फार थंड झाले की मांस चिवट होते. कातडे ठेवून शून्य ते चार अंशांच्या गॅरेजमध्ये टांगावे, आणि पूर्ण गोठण्याआधी सोलावे. गोठलेले कातडे सोलणे ही शिक्षा आहे. मिनेसोटात ४८ तासांत आणि विस्कॉन्सिनमध्ये दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत नोंदणी करावी लागते.

विस्कॉन्सिनच्या रानटी हरणांत २००२ साली मेंदू पोखरणारा 'क्रॉनिक वेस्टिंग डिसीज' प्रथम आढळला. हा रोग प्रायॉन नावाच्या विकृत प्रथिनांमुळे होतो आणि प्रायॉन शिजवून नष्ट होत नाहीत. माणसाला त्याची लागण झाल्याचे सिद्ध झालेले नाही, तरी बाधित हरणाचे मांस खाऊ नये असा अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राचा सल्ला आहे. बाधित भागात शिकार केली असेल तर लसिका ग्रंथींचा नमुना तपासणीला द्यावा आणि अहवाल येईपर्यंत मांस स्वतंत्र पाकिटांत, नाव-तारीख घालून फ्रीझरमध्ये ठेवावे. शेजाऱ्यांना वाटायचे असेल तर तेही अहवालानंतरच.