कामावरचा माणूस उधारीत फसला तर मालकाने काय करावं

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत माझं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, 22 जण आहेत. एक वेल्डर दर शनिवारी पाचशेची उचल मागायचा, फोन कायम पालथा ठेवायचा अन् वाजला की शेडच्या मागं पळायचा. मी तं आधी चिडलोच, मग कळलं, वसुलीवाले दिवसभर छळत होते.

तर पहिलं, चारचौघात विचारू नका. "काय बे, पुन्हा उचल?" असं सगळ्यांसमोर म्हटलं की तो तुमच्याकडे येणं बंद करतो अन् सीधा सावकाराकडे जातो. टपरीवर चहाला न्या, कोणाचं किती देणं अन् हप्ता कोणत्या तारखेला एवढंच कागदावर लिहायला लावा. आमच्यावाल्यानं तोंडी दोन सांगितले, लिहायला बसला तं पाच निघाले, त्यात एक बीसीचं, म्हणजे भिशीचं.

मग एकेक देणं पाहा. बँक, फायनान्सवाल्यांना वसुलीसाठी सकाळी 8 च्या आधी अन् संध्याकाळी 7 नंतर फोन करता येत नाही, आरबीआयचा नियम आहे, स्क्रीनशॉट ठेवायला सांगा. अ‍ॅपवाला फोटो व्हायरल करायची धमकी देत असेल तर सायबर पोलीस. सावकार बिनापरवान्याचा असेल तर तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे जाते, 2014 चा कायदा आहे.

दवाखान्याचा खर्च असेल तर आधी ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचं कार्ड विचारा. पगार 21,000 पर्यंत असला तर बहुतेक कापलं जातंच, तरी लोकं सोमवारीपेठेतलं ईएसआय हॉस्पिटल सोडून प्रायव्हेटमध्ये उधारी करून बसतात. आजारपणासाठी पीएफमधूनही पैसे काढता येतात, फॉर्म उमंग या सरकारी अ‍ॅपवर शेजारी बसून भरून द्या, त्याला एकट्याला नाही जमत.

उचल द्यायचीच तर लिहून द्या, व्याज लावू नका, अन् हप्ता छोटा ठेवा. इथं मी स्वतः चुकलो, 15,000 दिले अन् तीन महिन्यांत कापायला निघालो, दुसऱ्याच महिन्यात गड्यानं नवीन अ‍ॅपचं लोन उचललं. आता दहा महिने, दीड-दीड हजार, अन् जूनमध्ये कपात नाही कारण तेव्हा पोरांची शाळा असते.

अन् पगाराची तारीख पाहाच. आमच्याकडं 7 ला पगार व्हायचा, कायद्यात बसतं, पण बऱ्याच जणांचे हप्ते 5 ला कटायचे, म्हणजे दर महिन्याला बाउन्स अन् वरून पेनल्टी. पगार 1 तारखेला आणला, मला खर्च शून्य, अन् शनिवारची उचल मागणारे निम्मे झाले.